लंडनची पेटी

दोन गिटारवाले एका जागी बसवले की पहिली लढाई सुरांची होत नाही, कंपन्यांची होते. तुझी कुठली, माझी कुठली, तुझ्या तारा कुठून आल्या, माझ्या कुठून. हे सगळं ठाऊक असूनही रंगनाथअण्णांनी शेवगावच्या गणपतीतल्या कार्यक्रमाला दोघांनाही बोलावलं होतं. अण्णांच्या नगरच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटारची जागा एकच. वर्षभर ती गोरक्षची होती. बन्सी नवा, भिंगारचा, पण हाताला गोड.

"दुपारी दोघांचं ऐकतो," अण्णांनी नगरहून निघतानाच सांगून टाकलं होतं. "ज्याचा आवाज पटंल, तो आज संध्याकाळी वाजवील आन् इथून पुढंबी माझ्यासंगं राहील. दुसऱ्यानं राग मानायचा न्हाई."

राग मानायचा नाही म्हणे! एखाद्याच्या ताटातली भाकरी उचलायची आणि वर त्यानं हसायचं.

गोरक्षला ती जागा म्हणजे सगळं काही होतं. कोल्हारचा हा पोरगा नगरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चांगला चिकटला होता. ते सोडून तो ऑर्केस्ट्रात शिरला, तेव्हा त्याचे वडील, सहादू, त्याच्याशी बोलायचे बंद झाले. "तमाशात गेला आमचा गोरख," एवढंच लोकांना सांगायचे. मग ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम खुद्द कोल्हारात झाला. गाव लोटलं. दुसऱ्या दिवशी सहादू एसटीच्या थांब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत होते, "काल विजेवरची गिटार वाजवीत हुता ना, त्यो आमचा." आता ही जागा गेली तर पुन्हा त्याच दुकानात, त्याच स्टुलावर. आणि बापाची मान पुन्हा खाली.

बाजार समितीच्या आवारात लिलावाचा दगडी ओटा होता, तेच स्टेज. मागच्या अंगाला गणपती बसवलेला, त्याच्याभोवती रंगीत दिव्यांची कमान. धूळ बसावी म्हणून मंडळाच्या पोरांनी ओटा नुकताच धुऊन काढला होता. देवापुढं चपला कशा घालायच्या, म्हणून वाजवणारे-गाणारे सगळे अनवाणी. एकटा गोरक्ष मात्र स्वतःचा लाकडी पाट घेऊन फिरायचा आणि त्यावर उभा राहूनच वाजवायचा.

"आलं नवरदेव पाटावर!" बन्सीनं सलामी दिली.

"गुरूंनी सांगितलंय," गोरक्ष म्हणाला. त्याला गुरू नव्हता.

बन्सीनं पेटी उघडली. आत मखमलीवर तांबूस रंगाची गिटार झोपलेली. "हॉफनर," तो म्हणाला आणि पुढं काही बोललाच नाही, जणू त्या एका शब्दात सगळं आलं. मग न राहवून बोललाच. "जर्मन माल. मुंबईला एका गोव्याच्या वाजवणाऱ्याकडनं घेतली. मान बघ, लोणी हाय लोणी."

"जर्मन चांगलीच," गोरक्षनं नाक मुरडलं. "पन आवाज पातळ. जाड आवाज पायजे तर फेंडर."

"तू फेंडर बघितलीस तरी का?"

"हातात धरलीय. पुन्यात."

ही शुद्ध थाप होती. त्यानं फेंडर काचेतून बघितली होती. त्याची स्वतःची गिटार कलकत्त्याची, चार हात फिरून आलेली.

"आन् गिब्सन?" बन्सीनं डिवचलं.

"गिब्सन वजनाला लई. खांदा उतरतो. आन् खरं सांगू का बन्सी, गिटार म्हंजे नुसतं लाकूड. आवाज असतो तो ह्यात." त्यानं शेजारच्या काळ्या पेटीवर थाप मारली. "लंडनचा अ‍ॅम्प्लिफायर. मिल्ट्रीच्या कॅम्पातल्या साहेबाचा. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा न्हाई."

इथंच बन्सीची बोलती बंद व्हायची. हॉफनर होती, पण तिला लावायला त्याच्याकडं स्वतःचं काही नव्हतं. मंडपवाल्याच्या मायकाच्या मशिनीला जोडायचा, तिथं जर्मन गिटारही भोंग्यासारखी वाजायची. अण्णा गोरक्षला धरून होते ते या पेटीमुळंच.

आणि पेटी लंडनची नव्हती. नगरच्या जुन्या बाजारात मिळालेला तो एक रेडिओ होता. गोरक्षनं त्याचं घर काढून टाकलं, काळ्या रेक्झिनच्या पेटीत तो बसवला आणि वर इंग्रजी अक्षरांची पितळी पट्टी ठोकली. आवाज खरोखर छान निघायचा, त्यात थाप नव्हती. पण रेडिओ त्या जातीचा होता जो थेट लाइटीच्या तारेवर चालतो. दोन पायांचा प्लग एका बाजूनं खोचला तर ठीक. उलटा खोचला की आतल्या पत्र्यात करंट उतरायचा, पत्र्यातून वायरीत आणि वायरीतून गिटारच्या तारांत. रेडिओ लाकडी घरात असतो तोवर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. गिटार मात्र हातातच धरायची असते. म्हणून तर पाट होता. म्हणून प्लगच्या एका अंगाला लाल ठिपका होता आणि म्हणून खिशात कायम टेस्टर. प्लग तो स्वतः खोचायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

अण्णा खुर्ची ओढून समोर बसले. शेजारी सुमनबाई, ऑर्केस्ट्रातली गाणारी, चहाची कपबशी घेऊन. तिला गोरक्ष ताई म्हणायचा आणि ती त्याला भाऊ.

"असं करू," अण्णा म्हणाले. "दोघांनीबी एकाच पेटीतून वाजवायचं. लंडनवाल्या. मंग कळंल कुनाच्या हातात काय हाय."

गोरक्षला नाही म्हणता येईना. त्यानं आधी स्वतःचं वाजवून घेतलं. पाटावर उभं राहून, डोळे मिटून, सगळं पणाला लावून. झालं तेव्हा सुमनबाईनं मान डोलावली आणि अण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं. बरं लक्षण होतं. गोरक्षनं गिटार उतरवली, वायर गिटारीतून काढून पेटीवर ठेवली आणि पाणी प्यायला ओट्याखाली उतरला.

तेवढ्यात मंडपाचा वायरमन छगन कमानीमागं गेला. दिवे लागतात का बघायचे होते आणि बोर्डावर जागा नव्हती. त्यानं एक प्लग उपसला, कमान लावून बघितली, लाल-हिरवे दिवे गणपतीभोवती पळाले. मग कमान काढून पहिला प्लग होता तसा खोचून दिला. होता तसा म्हणजे त्याच्या हिशेबानं.

गोरक्ष तांब्या तोंडाला लावून उभा होता. पेटी पुन्हा तापली आणि तिच्यातून घरघर निघाली. मघाची नव्हे. मघाची बारीक होती, ही जाड, खालच्या पट्टीतली. ओट्यावर दुसऱ्या कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नसतं. गोरक्षनं मात्र तोंडाचा तांब्या खाली घेतला. ही घरघर त्याच्या ओळखीची होती.

प्लग उलटा बसला होता.

वर बन्सी तयारीला लागला होता. त्यानं घामेजलेले हात तांब्याभर पाण्यानं धुतले, ओले हात शर्टाला पुसले, हॉफनर गळ्यात घातली आणि अनवाणी पायांनी ओल्या दगडावर उभा राहिला.

"पाट घे की," गोरक्षच्या तोंडून निघालं.

"मी काय बोहल्यावर चढतोय व्हय?" बन्सी हसला. अण्णाही हसले.

सांगून टाकायला एक वाक्य पुरत होतं. पण ते वाक्य बोललं की लंडन संपलं, जागा संपली, एसटीच्या थांब्यावरचा बाप संपला. गुपचूप जाऊन प्लग उपसावा? कमान ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, मधे अण्णांची खुर्ची, तबले, मायकाचे खांब. आणि त्याच वेळी, कुणी कानात सांगावं तसा, एक विचार त्याच्या मनात आला. नुसता झटका बसला तर? मलाबी बसलाय की. हात झिणझिणतो, माणूस मागं उडतो, बस्स. मग सगळे म्हणतील, हॉफनरच्या वायरिंगमधेच खोट. वर्षभर माझ्या पेटीनं कुणाला काही केलं नाही, आणि जर्मन गिटार लागली की करंट? बन्सी परत भिंगारला.

विचार आला आणि गेला नाही. तिथंच बसला. गोरक्ष तांब्या धरून उभा राहिला आणि बन्सीच्या बोटांकडं बघत राहिला. बन्सीनं वायर उचलली. तिचं टोक काळ्या प्लास्टिकच्या टोपीत होतं, तिथं धरलं म्हणून काही झालं नाही. एका हातानं त्यानं गिटारच्या तारा दाबून धरल्या, वाजू नयेत म्हणून. ती सगळ्याच वाजवणाऱ्यांची सवय. दुसऱ्या हातानं तो गिटारचं वायर खोचायचं भोक चाचपू लागला. त्याचे पाय ओल्या दगडावर टेकले होते, आणि बोटांपाशी दगड पाण्यानं काळा झाला होता.

"बन्सी, थांब!" गोरक्ष ओरडला. "लावू नको! करंट हाय!"

सगळे चपापले. बन्सीनं मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आता भ्यालास व्हय? तुझ्याच पेटीतून माझी गिटार चांगली वाजंल म्हनून?"

"गोरख," अण्णांचा आवाज चढला, "हा रडीचा डाव झाला. वाजवू दे त्याला."

बन्सी पुन्हा भोक चाचपू लागला. वर्षभर थापा मारणाऱ्याचं खरं कोण ऐकणार? गोरक्षनं तांब्या फेकला, ओट्यावर उडी मारली आणि बन्सीला धक्का द्यायच्याऐवजी पेटीवरच झडप घातली. मागची रेक्झिनची फळी त्यानं दोन्ही हातांनी ओरबाडली. खिळे करकरले, फळी निघाली आणि आतला रेडिओ उघडा पडला. स्टेशनांच्या नावांची पिवळी काच अजून त्याला तशीच होती. त्यानं खिशातला टेस्टर काढून आतल्या पत्र्याला टेकवला. टेस्टरच्या पोटात लालभडक ठिणगी पेटली.

"लंडनचा न्हाई ह्यो," तो धापा टाकत म्हणाला. "जुना रेडिओ हाय. प्लग उलटा बसलाय. वायर खोचली असतीस तर तारांना चिकटला असतास, बन्सी."

छगननं धावत जाऊन प्लग उपसला. घरघर थांबली. बन्सीनं हातातली वायर साप टाकावा तशी टाकली आणि मटकन खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. जरा वेळानं तो उठला, पुढं आला आणि गोरक्षचे दोन्ही हात धरले. "लई उपकार केलंस गड्या. माझी हाडंच राहिली असती हितं. जाऊ दे ती जागा, अण्णा, ह्यालाच ठेवा."

गोरक्षला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले. तांब्या धरून आपण किती वेळ उभे होतो, ते फक्त त्याला ठाऊक होतं.

अण्णा रेडिओकडं बघत होते. त्यांना राग यायला हवा होता, पण चेहऱ्यावर दुसरंच काही होतं. "पोटासाठी मानूस काय करंल सांगता येत न्हाई," ते हळूच म्हणाले. "पेटी नवी घेऊ, गोरख. धडाची. तोवर..."

"अण्णा, थांबा," सुमनबाई म्हणाली.

ती कपबशी खाली ठेवून उठली होती. पेटीपाशी आली, वाकली, आतल्या पत्र्याकडं नीट बघितलं. मग गोरक्षकडं वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, घरातलं काही विचारावं तसा.

"गोरखभाऊ, कोल्हारच्या कार्यक्रमात तुमची गिटार माझ्या कोपराला घासली हुती. खांद्यापत्तूर मुंग्या आल्या. मी विचारलं तुमाला. तुमी म्हनालात, ताई, नायलॉनच्या साडीनं हुतं तसं."

कोल्हारच्या त्या रात्रीही प्लग उलटा बसला होता आणि ती जाड घरघर त्यानं ओळखली होती; तो पाटावर उभा होता, म्हणून त्याला काही लागलं नव्हतं. समोर अख्खा गाव बसला होता, पहिल्या रांगेत बाप. त्यानं गाणं संपेपर्यंत वाजवलं होतं. प्लगला लाल ठिपका दुसऱ्या दिवशी दिला होता.

"तवा ठावं हुतं तुमाला?" तिनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी ऐकलं असतं, सगळ्यांना पटलंही असतं. मघाशीच त्यानं एकाचा जीव वाचवला होता.

"व्हय," गोरक्ष म्हणाला.

"माझ्या पोटात बाळ हुतं तवा," सुमनबाई म्हणाली. "आन् तुमी ताई म्हनत हुता मला."

ती ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर गोरक्षला बरं वाटलं असतं. तिनं फक्त आपला मायकाचा खांब उचलला आणि ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. अण्णा अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं न करताच उठले आणि बन्सीला म्हणाले, "मायकाच्या मशिनीला लाव तुझी. सांजंला तूच वाजवायचं."

बन्सीनं एकदा गोरक्षकडं बघितलं, मग मान खाली घालून हॉफनरच्या तारा लावायला बसला.