आजार भोगलेली व्यक्ती

पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरची पाटी पुन्हा आडवी झाली आणि उल्काने ती पुन्हा उभी केली – जाड कागदाची, मधोमध घडी घातलेली, वर छापलेलं, ‘समाज प्रतिनिधी’. तीन वर्षं हीच पाटी. जिल्ह्यात क्षयरोगासाठी येणारा निधी रोग्यांपर्यंत पोचतो की नाही हे बघणारी समिती, तिच्यात डॉक्टर, अधिकारी, आणि लोकांच्या वतीने एकटी उल्का. लोकांच्या वतीने तिने आजवर काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर... पण विचारणार कोण? विचारायचं काम तिचंच होतं.

“उल्काताईंचा कधी त्रास नाही,” समितीचे अध्यक्ष दत्तात्रेय सर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आणि ती हसायची. भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणे. उल्काला मात्र भिडेने चांगली खुर्ची मिळवून दिली होती.

आज सर चाचरत होते. “वरून नियम आलाय. ही जागा यापुढे आजार भोगलेल्या व्यक्तीलाच द्यायची. आपला नाइलाज आहे, ताई.”

तो नाइलाज समोरच खुर्चीच्या कडेवर बसला होता. तुळसा – देवरूखच्या वरच्या अंगाला कुठल्याशा वाडीतली, पहिली एसटी पकडून आलेली. मागच्या वर्षी दोन महिने गोळ्या आल्या नाहीत तेव्हा ही बाई सातजणींना घेऊन आरोग्य केंद्राच्या पायरीवर जाऊन बसली होती, आणि ते सरांना अजून पचलं नव्हतं. तरी नियम तो नियम. त्यांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

“मी काय बोलू? गोल्या चालू केल्या नि पयल्याच दिवशी लघवी लाल. मना वाटला, रगातच चाललाय. घरात सांगू कुनाला? दोन दिस तशीच घाबरून ऱ्हायले. मंग कलला, गोल्यांनी तसा होता. हा आधी कोन सांगीत न्हाय ओ, बायामानसांना.”

डॉक्टरांनी कागदात डोकं घातलं. कुणीतरी उगाच घसा खाकरला. आणि उल्का... आंजर्ल्याला मामाकडची न्हाणी, एकोणीस वर्षांची पोर, पायाखालच्या दगडावरून मोरीकडे सरकणारा तो लालकेशरी ओघळ, आणि बाहेरून मामीची हाक – झालं का गं? मला वाटलं होतं, मी आता मरणार, आणि मरतेय हेही मला कुणाला सांगता येणार नाही. नऊ महिने हवापालट. आईने सगळ्यांना न्यूमोनिया सांगितला आणि मग तो न्यूमोनियाच राहिला – लग्न ठरताना, सासरी, सलिलपाशीसुद्धा, एका अंथरुणात सव्वीस वर्षं.

तिला बरं वाटायला हवं होतं. योग्य बाई योग्य जागी चालली होती. पण महिन्यातून एकदा इस्त्रीची साडी नेसून ‘माझी बैठक आहे’ असं म्हणत घराबाहेर पडायचं, आणि त्या दिवशी सलिलने न सांगता कुकर लावायचा – आयुष्यात तिची म्हणावी अशी हीच एक गोष्ट होती, आणि ती आता ही बाई पदराला हात पुसत घेऊन जाणार होती.

“या जागेसाठी आणखी कुणी आहे का?” सरांनी विचारलं. रिवाज म्हणून.

“मी,” उल्का म्हणाली. “मलाही झाला होता. लग्नाआधी. लघवी लाल होते... मीही घाबरले होते.”

तुळसाचं वाक्यसुद्धा तिने सोडलं नाही.

टाळ्या पडल्या. केवढं धैर्य, असं कुणी म्हणालं. सरांचा चेहरा उजळला. “मग प्रश्नच मिटला. अनुभवी आणि भोगलेल्याही. एकमताने?” हात वर झाले. तुळसाचाही झाला.

खोटं नाही ना बोलले मी? एक अक्षर खोटं नाही. एवढी वर्षं जिवापाड सांभाळलेलं खरं, आणि पहिल्यांदा बाहेर काढलं ते यासाठी... रत्नागिरीत बातमीला रिक्षा करावी लागत नाही. संध्याकाळच्या आत सलिलला कळेल. नवल म्हणजे त्याची तिला भीती वाटत नव्हती.

भीती वाटली ती बाहेर व्हरांड्यात, तुळसाने तिचा हात दोन्ही हातांत घेतला तेव्हा.

“बाय, तूपन आमच्यातलीच? मी आपली उगाच आले. तू शिकलेली, तुजा ऐकतील.” तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. “आमच्या वाडीतल्या दोन पोरींच्या गोल्या परत थांबल्यात. सायब आतच हायत. आत्ताच इचारतेस?”

“पुढच्या बैठकीत विषय घेऊ,” उल्का म्हणाली. शब्द आपसूक आले. तीन वर्षांचा सराव होता. “योग्य वेळी.”

“व्हय तर. तुला कलतंय ता.”

तुळसा पदर सावरून स्टँडच्या वाटेला लागली. मागे वळून एकदा हसलीही. आणि उल्काला तिचा राग आला, इतका की कठडा धरलेली बोटं दुखायला लागली. काय म्हणून विश्वास टाकायचा असा? भांडायचं होतं या बाईने. माझी जागा घेतलीस म्हणायचं, चारचौघांत तोंडावर म्हणायचं. मग फिटंफाट झाली म्हणून मला निदान घरी तरी जाता आलं असतं.