माझ्या अंगावरच्या टिकल्या

मित्रांनो, मी एक जुनं प्रथिन आहे. वय तीन दिवस. आमच्यात एवढ्याला पिकलं पान म्हणतात. स्फाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत, बशीत वाढणाऱ्या एका पेशीत मी जन्मलो. पेशी लझहर नावाच्या पाववाल्याच्या कातडीच्या. हात लुळे पडू लागले तेव्हा त्यानंच त्या दिल्या. "माझं राहू द्या, माझ्या लेकीला हे होणार का तेवढं शोधा," म्हणाला. गेल्या हिवाळ्यात तो वारला. आमची ही शेवटचीच बशी.

माझं काम आरएनएच्या चिठ्ठ्या धरून ठेवण्याचं. कोमट अंधारात मी नुसता तरंगायचो. कुणीतरी येऊन अंगावर फॉस्फेटची टिकली लावी, की मूठ सैल होई, चिठ्ठी सुटे. दुसरं कुणी टिकली काढी, की मूठ पुन्हा आवळे. फार सुखाचं होतं ते. पण लझहरच्या पेशींत लावणारेच शिरजोर. अंगभर टिकल्या, चिठ्ठ्या गळताहेत, आणि आम्ही एकमेकांना चिकटून पेंगतोय. वजदान नावाची संशोधक याच टिकल्या शोधत होती.

रमजान होता. रोजा सोडायची तोफ व्हायच्या आत उरकावं म्हणून तिनं घाईनं पेशी फोडल्या, बर्फात ठेवल्या. टिकल्या काढणाऱ्यांना रोखणारी पूड तेवढी घालायची राहिली. ते मोकाट सुटले आणि माझ्या अंगावर एकही टिकली उरली नाही.

दुसऱ्या दिवशी, टिकल्या असल्या तर ज्यावर डाग उमटतात ती फिल्म कोरी निघाली.

"टिकल्या नव्हत्याच, लल्ला झुहरा. तसंच लिहिते," वजदान म्हणाली.

लल्ला झुहरा तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तिनं पुडीची बाटली उचलून पाहिली. "हिचं सील तसंच आहे, पोरी. खजूर आठवला, पूड विसरलीस."

"म्हणजे लझहरकाकांचं सगळं वाया?"

"गेलं ते गेलं. आता खोटं लिहून त्यांच्या लेकीला फसवू नकोस."

वजदान रडली. मग वहीत लिहिलं, 'पूड विसरले. टिकल्या होत्या की नव्हत्या, सांगता येत नाही.' आणि लझहरच्या लेकीला फोन लावला.

"तुमच्या बाबांच्या पेशी माझ्या चुकीनं गेल्या."

"मग माझ्या घ्या," लेक म्हणाली.

गुरुवारी ती आली आणि बाही वर करून बसली. मित्रांनो, तिच्या पेशींत माझी भावंडं आहेत. त्या पेशी फोडाल, तेव्हा आधी पूड घाला.