हरभऱ्यांचा जुगार

माझ्या बापाने आयुष्यात कधी कॅसिनोत पाऊल ठेवलं नाही, आणि रूलेटमध्ये तो कधी हरला नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींनी मला छळलंय.

मोनाकोच्या माणसाला मोनाकोच्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. दारावर ओळखपत्र बघतात, आणि आपल्यातला निघाला की गोड हसून परत पाठवतात. जगभरातले लोक येऊन वर टेकडीवर पैसे उधळून जातात, आणि आम्ही खाली बाजारात सोका, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं, भट्टीत भाजून विकतो. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या बापाला वाटायचं. बंदी नसती तर त्याने तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण बंदी आहे म्हणजे आत आपल्याला जमण्यासारखं काहीतरी आहे, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

त्याने शेजारच्या नीस शहरातल्या जुन्या बाजारातून रूलेटचं एक खेळण्यातलं चाक आणलं, फिरवलं की गोळी लाल नाहीतर काळ्या घरात पडते तसलं. दुपारी गाडा बंद झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाक, शेजारी हरभऱ्यांची गोणी, आणि समोर मी भांडी घासतेय. एक हरभरा काळ्यावर. लाल आलं की गोणीतून पुढच्याला दोन, मग चार, मग आठ. काळं आलं की गेलेलं सगळं परत आणि वर एक हरभरा नफा. मग पुन्हा एकापासून सुरू. हिरवं शून्य आलं तर ‘टेबल हललं’ म्हणून चाक परत फिरवायचा.

“काळं येणारच, देवोत,” तो मला म्हणायचा. “जाऊन जाऊन जाईल कुठे?”

“बाबा, पाय उचला, मला झाडायचंय.”

तीस वर्षं हे चाललं. आई गेली त्या वर्षीसुद्धा थांबलं नाही. मी रोज संध्याकाळी टेबलाखालचे हरभरे वेचायचे आणि मनातल्या मनात त्या चाकाच्या नावाने बोटं मोडायचे.

त्या हिवाळ्यात आमच्या भट्टीला तडा गेला. मोठा तडा, आतला जाळ बाहेरून दिसेल एवढा. भट्टी नाही तर सोका नाही, सोका नाही तर आम्ही नाही, इतकं सरळ. नव्या भट्टीचे दहा हजार फ्रँक आणि वर थोडे, असे बिस्किटाच्या डब्यात साठले होते. फक्त धुरांड्याचे कमी पडत होते. मी म्हटलं, ईस्टरपर्यंत थांबू. बाप हं म्हणाला. माझा बाप हं म्हणाला की समजायचं, त्याने ऐकलेलं नाही.

माझा नवरा दारियो व्हेंतिमिल्याचा, म्हणजे सरहद्दीपलीकडचा. त्याला कॅसिनोत मज्जाव नाही. शिवाय सासऱ्यापुढे त्याची जीभ उचलत नाही. अकरा वर्षं माझ्या बापाने त्याला ‘हा इटालियन’ म्हटलं, आणि अकरा वर्षं हा पहाटे उठून बापाची भट्टी पेटवतोय. एका गुरुवारी मी पिठाच्या गिरणीत गेले असताना बापाने डबा काढला, दारियोला स्वतःचा कोट घातला आणि वर धाडलं. दहा फ्रँकपासून सुरू कर, काळं सोडू नकोस, हरलास की दुप्पट, स्वतःची अक्कल चालवू नकोस.

मी परत आले तर बाप खिडकीत उभा. चाक झाकून ठेवलेलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चारच्या सुमाराला दारियो आला आणि त्याने टेबलावर नोटा ठेवल्या.

“हे काय?” बाप म्हणाला.

“अर्धे.”

“अर्धे कशाचे?”

“भट्टीचे.” दारियो बसला नाही. “आधी चांगलं चाललं होतं. मग नऊ वेळा लाल आलं. ओळीने नऊ. दर वेळी दुप्पट केले, तुम्ही सांगितलं तसं. पुढचा डाव पाच हजार एकशे वीसचा होता. मी ठेवला, तर चाक फिरवणाऱ्या माणसाने तो परत सरकवला. म्हणाला, हद्दीबाहेर जातोय. टेबलावर पितळी पाटी असते, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. जास्तीत जास्त पाच हजार.”

“मग पाच हजार लावायचे.”

“तुम्ही म्हणालात अक्कल चालवू नकोस. मी त्याच्याशी बोलतोय तोवर गोळी पडली.”

“कशावर?”

दारियोने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोल रे बाबा, एकदा तरी बोल, असं मला झालं. पण त्याला तेही जमत नाही.

“काळ्यावर,” तो म्हणाला.

बापाने हळूच खुर्ची ओढली. “म्हणजे काळं आलं. मी म्हणत होतो ते आलं. आणि तू म्हणतोस पैसे गेले.” मग माझ्याकडे वळून, जणू दारियो तिथे नाहीच, “तीस वर्षांत ही पद्धत एकदा हरलेली नाही. मग पैसे गेले कुठे? याच्या आईच्या घराचं छप्पर गळत होतं ना?”

घरात जे काही झालं ते मी सांगत नाही. मी बरंच बोलले. दारियोने बापाचा कोट खुंटीला अडकवला, स्वतःच्या दोन शर्टांची घडी घातली आणि संध्याकाळच्या गाडीने आईकडे निघून गेला.

“मी चोर नाही एवढं तू म्हटलंस, बस झालं,” तो स्टेशनवर म्हणाला. “पण मी त्याची भट्टी पेटवायला परत येणार नाही.”

आणि गंमत बघा, ती पाटी बघायला मी जाऊ शकत नव्हते. मीही इथलीच. दुसऱ्या दिवशी बाप ठेवणीतला कोट घालून टेकडी चढायला लागला तेव्हा मी मागोमाग गेले. दारावर लुसियें होता, माझ्या वर्गातला.

“खेळायचं नाही रे,” बाप त्याला म्हणाला. “एक पाटी वाचायची आहे.”

“काका, कशाला माझी नोकरी घालवता? आहे पाटी. प्रत्येक टेबलावर आहे. हद्द नसती तर तुमच्यासारखे सगळेच दुप्पट करत बसले नसते का?”

“तू त्यांच्या पगारावर,” बाप म्हणाला आणि वळला. उतारावर पूर्ण वेळ पुटपुटत होता, की सगळे एकमेकांना सामील आहेत. मी हात टेकले.

घरी आल्यावर माझं डोकं खरंच फिरलं. उरलेले पैसे मी टेबलावर ओतले. दहा फ्रँकला एक हरभरा, असे मोजून मोठ्या वाटीत भरले. पाचशेच्या थोडे वर झाले. मग गोणीचं तोंड सुतळीने आवळून बांधलं.

“पाटी तुम्ही मानत नाही ना? नका मानू. पाटी नाहीच असं समजा. पण डब्यात एवढेच आहेत, हे तर मानता? खेळा.”

“पोरखेळ आहे हा.”

“तीस वर्षं तेच चाललंय.”

तो खेळला. पहिल्या दिवशी वाटी थोडी भरली आणि तो मला ऐकू जाईल असा घसा खाकरत राहिला. दुसऱ्या दिवशी आणखी भरली. मी तडकलेली भट्टी स्वतः पेटवत होते, पहाटे धुराने डोळे चुरचुरायचे, आणि दुपारी घरात ती टिकटिक. एकदा शून्य आलं, त्याने चाकाला हात घातला, मी नुसतं बघितलं, त्याने तो हरभरा गेला म्हणून सोडून दिला. मला वाटायला लागलं की हा जिंकतच राहणार, आणि माझा नवरा जन्मभर चोर ठरणार.

रविवारी लाल यायला लागलं. लाल. पुन्हा लाल. दोन, चार, आठ करत बापाचा हात वाटीत जात होता. तो मान वर करेना. मी कांदा चिरायचं थांबवलं. वाटीत अर्धे राहिले, तेही त्याने जवळजवळ सगळे काळ्यावर लोटले आणि चाक फिरवलं. लाल. वाटीच्या तळाशी मूठभर हरभरे होते आणि पुढच्या डावाला पाचशेच्या वर लागणार होते.

बापाचा डावा हात खाली गेला. न बघता, खुर्चीच्या बाजूला, जिथे तीस वर्षं गोणीचं उघडं तोंड असायचं. बोटांना सुतळी लागली. ती बोटं जरा वेळ गाठीवर चाचपडत राहिली आणि मग थांबली. त्याने खाली बघितलं, आधी गोणीकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे.

मला बोलायचं होतं. इतकं बोलायचं होतं की ओठ दाताखाली धरून ठेवावा लागला.

तो उठला, कोट घातला आणि बाहेर पडला. मी म्हटलं गेला पुन्हा टेकडीवर, जाऊ दे, लुसियेंने बांधून ठेवलं तरी चालेल.

दिवेलागणीला दोघं दारात. पुढे बाप, मागे दारियो, हातात ते दोन शर्ट.

बाप हात धुवायला गेला तेव्हा मी दारियोला विचारलं, “काय म्हणाला?”

“काही नाही. आईकडे येऊन बसला. कॉफी घेतली, छपराकडे बघितलं. ते अजून गळतंय. मग म्हणाला, पाटीवर काय लिहिलं होतं ते परत सांग. मी सांगितलं. आणि मग म्हणाला, उद्या भट्टी कोण पेटवणार आहे?”

“माफी?”

“ही काय, एवढीच.”

एवढ्या लांब, सरहद्दीपार गेला, आणि दोन शब्द बोलायला याची जीभ झिजत होती. मी रागाने ती वाटी उचलली, टेबलावरचे आणि टेबलाखालचे हरभरे गोळा केले आणि सगळे पातेल्यात शिजायला टाकले. त्यांतले काही किती वर्षांचे होते कोण जाणे. दोन तास उकळले तरी बोटचेपे होईनात. तसेच वाढले.

आमच्याकडे पहिलं ताट बापाचं. त्याने ते दारियोपुढे सरकवलं आणि स्वतः रिकाम्या टेबलाकडे बघत बसला, मी दुसरं आणून आदळेपर्यंत. मग तो जेवायला लागला. बापाचे पुढचे तीनच दात उरलेत. एकेक हरभरा तो कितीतरी वेळ चावत होता, आणि त्याने एकही ताटात टाकला नाही.