मिटल्या डोळ्यांची मॉनिटर

लेकीच्या प्रवेशाचा फॉर्म ती भरत होती तेव्हा शाळेच्या शिपाईमावशी तिच्या कानाशी लागल्या होत्या, "ताई, इथं देव उदंड आणि शिक्षण बेताचं. बघा बाई!" तिने हसून उडवून लावलं. चार अक्षरांसोबत संस्कारही पदरात पडणार असतील तर कुणाला नकोत?

पदरात पडला तो प्रार्थनेचा तास. विज्ञानाचा तास गिळून तो चांगला गुटगुटीत झाला होता. सगळ्यांनी डोळे मिटायचे. जो उघडेल त्याने व्हरांड्यात उभं राहायचं. उघडे डोळे हेरायला मॉनिटर नेमली ती हिचीच सात वर्षांची लेक. हिने शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा, "बाईंचा केवढा विश्वास बघा!"

मग एका संध्याकाळी लेकीने ताट सरकवलं.

"आई, मी तिचं नाव सांगितलं."

"कुणाचं गं?"

"शिंपीकाकांच्या मुलीचं. डोळे मिटले की तिला अंधाराची भीती वाटते. तीन दिवस उभी होती. बाई म्हणाल्या, हिच्या मनात पाप आहे. आता सगळे तिला पापीण म्हणतात."

सकाळी ही मुख्याध्यापकांपुढे उभी. "सर, डोळे कोण उघडतं, ते देवाला दिसत नाही का?"

"देवाला सगळं दिसतं, ताई."

"मग माझ्या लेकीचे डोळे कशाला उसने घेतलेत?"

सर पेनाचं टोपण शोधू लागले. "अहो, शिस्त लागते. पुढे कामी येते."

"येईल की. चहाड्या करायला!"

दारातल्या शिपाईमावशींना एकदम खोकला आला.

सरांनी न्याय मात्र तत्काळ केला. लेकीचं मॉनिटरपद काढून शेजारच्या बाकावरच्या मुलीला दिलं. देव पुन्हा निश्चिंत.

शिंप्याची पोर मात्र चार दिवस शाळेत नाही. ही दुकानाशी गेली. शटर अर्धं खाली, आत मशीन चालू. ठोठावलं तशी मशीन थांबली, आणि आतून पोरीच्या आईचा आवाज आला, "मॉनिटरची आई आहे. उघडू नका."

काय चुकलं त्यांचं? तिने स्वतःही उघडलं नसतं. म्हणून तुमच्याकडेच तिचं एक मागणं आहे: तुम्हाला ते ओळखत नाहीत. बटण तुटल्याचं निमित्त करून जा, आणि पोर डोळे मिटून झोपते तरी का, तेवढं विचारून या.