पपनसाचं विष

समुद्रदेवी माझूच्या देवळापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर माझी ताई, सू-लुआन, ताठ बसलेली. आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानातही केस असेच धुतात: बसल्या बसल्या, कोरड्या डोक्यावर फेस काढून. कुओ वैद्यराजांनी तो फेस भरपूर फुलवला, वरून देवीचं पिवळं पाणी ओतलं आणि फेस लाल झाला.

"बघा, रक्तातलं विष!" वैद्यराज गरजले. "डॉक्टर वरवर मलम चोपडतात. मी मुळासकट उपटतो!"

"अगं बाई!" म्हणत बायका वैद्यराजांच्या पोटात घ्यायच्या औषधी पुड्यांसाठी रांगेत घुसल्या.

ताईच्या डोक्यात सोरायसिस होता. ती गोड तोफूची गाडी लावायची. खांद्यावरच्या खपल्या बघून गिऱ्हाईकं शेजारच्या गाडीकडे वळायची. दवाखान्यातल्या डॉक्टर च्यान तिला म्हणाल्या होत्या, "हा मुळासकट जात नाही. मलम, गोळ्या, प्रकाशाचे उपचार, यांतलं तुम्हाला काय झेपेल ते ठरवू आणि त्याला ताब्यात ठेवू." ताब्यात ठेवू! एवढंसं ऐकायला कोण गर्दी करणार? कुओच्या पुडीनं मात्र ताईचं डोकं स्वच्छ झालं होतं. चेहरा सुजून गोल झाला, त्याला शेजारणी बाळसं म्हणत होत्या.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. ताईची एक पुडी मी तपासायला दिली. अहवाल आला तसा पुढच्या रविवारी एक पपनस घेऊन देवळात गेलो.

"वैद्यराज, याचंही डोकं धुवा."

"थट्टा करता, मास्तर?"

"का, घाबरलात?"

लोक हसले. मग मीच त्यांच्या साबणाचा फेस पपनसाला चोळला आणि देवीचं पाणी ओतलं. फेस लाल!

"साबणात सोडा, पाण्यात हळद. दोन्ही भेटले की रंग बदलतो. पपनसाला कुठलं आलंय रक्त? आणि पुडीत स्टेरॉइड आहे. त्यानं खपल्या दबतात, पण शरीर आतून पोखरतं. एकदम बंद केलं तर आजार दुप्पट उसळतो!"

एक आजीबाई म्हणाल्या, "हल्ली पपनसांवर काय कमी फवारतात? विष असणारच की!" आणि रांग पुन्हा पुढे सरकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना ताई म्हणाली, "फेस खोटा असेल रे. पण माझी गिऱ्हाईकं परत आली, ती खोटी का?"

"निदान डॉक्टरांना दाखव. पुडी हळूहळू कशी कमी करायची, ते त्या सांगतील."

"बघू."

काही दिवसांनी पोलिसांची कुणकुण लागताच कुओ पसार झाला. पुड्या संपल्या आणि ताईचं अंग टाळूपासून तळव्यांपर्यंत लाल झालं, पुवाच्या फोडांनी भरलं. ती वाचेल का, हे डॉक्टर च्याननाही सांगता येईना. खाटेशी बसल्या बसल्या मला रडू कोसळलं.

"रडू नकोस, वेड्या," तापानं फणफणलेली ताई म्हणाली. "विष बाहेर पडतंय. शेवटी असंच होतं, वैद्यराज म्हणालेच होते."

वाचकहो, जिच्यात काय आहे हे विकणारा सांगत नाही, ती पुडी तोंडात टाकू नका. टाकली असेल तर लाज सोडून डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. हे मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं. भर देवळात सिद्धही करून दाखवलं होतं. तेवढं पुरलं नाही.