ढोळीची मान

आपल्या मुलाचा, पूनमसिंगचा, एक गुण सुखीबाईला मुळीच खपत नव्हता. अंग चोरायचं आणि वर त्याला मायेचं नाव द्यायचं. ढोळी बकरी रानात चरायला न्यायची, तर यानं खुंट्याला बांधून ठेवली. म्हणे, उन्हात फिरून दूध आटेल.

दूध आटून चालणार नव्हतं, हे खरं. सून बाळंतपणात गेली होती आणि दोन महिन्यांची नात ढोळीच्याच दुधावर तगली होती.

एका सकाळी ढोळीनं मान मागे पाठीवर टाकली. डोळे उघडे, पण समोर हात नेला तरी पापणी लवेना. काय खाऊ घातलंस, असं सुखीबाईनं विचारलं. पाला, पूनमसिंग म्हणाला, आणि देवच मागत असेल असं त्यानंच सुचवलं. त्यांच्या तांड्यात बळी द्यायच्या बोकडावर आधी पाणी ओतत. त्यानं अंग झाडलं की देवानं स्वीकारला. सुखीबाईनं स्वतः तांब्या ओतला. ढोळी थरथरली. ती पहाटेपासूनच थरथरत होती, हे कुणाच्या मनात आलं नाही. देवानं मागितलेल्या जनावराला औषध कसं द्यायचं? हळद लावून दोन दिवस देवापुढे बांधली.

तिसऱ्या दिवशी दूध बंद झालं. नात साखरपाण्याची वात चोखून रडू लागली, तेव्हा सुखीबाईनं बैलगाडी जुंपायला लावली.

गुरांच्या दवाखान्यातल्या देवीलालनं बकरीच्या तोंडाचा आंबूस वास घेतला.

"दाणा किती देला?"

पूनमसिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"रोज दोन शेर ज्वारी. आठ दिवस. दूध वाढावं म्हून."

देवीलालनं समजावलं, एवढ्या दाण्यानं पोट आंबतं, मग मेंदूला लागणारं जीवनसत्त्व पोटात टिकत नाही. पहिल्या दिवशी आणली असती तर त्याच जीवनसत्त्वाच्या सुईनं उठली असती. सुई त्यानं तरीही दिली.

दुपारी दवाखान्यासमोरच्या निंबाखाली ढोळीनं जीव सोडला. सुखीबाईनं मान सरळ करून पाहिली. होईना.

घरी येऊन तिनं रडती नात पूनमसिंगच्या हातात ठेवली.

"पाणी म्या ओतलं, त्याचं पाप माह्यावर. पण ज्वारी तू लपवली, अन् देवाच्या आड जाऊन बसला. आता ज्याच्या घरी दुभती बकरी आहे, त्याच्या दारात हिले घेऊन उभा राह्य. ढोळी कशानं मेली इचारलं त ज्वारी सांगजो. देवाचं नाव घेऊ नोको."