दुसरा ठोका

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा लिहायला बसलो, तीनदा लॅपटॉप बंद केला. एकदा अर्धं पान झालं होतं, तेही पुसलं. आता एका दमात लिहितो, चुका झाल्या तर झाल्या.

मी नाचायचं संगीत बनवतो. हाउस आणि टेक्नो. त्यात शब्द नसतात, ठोका असतो. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून शिकलो. आईच्या शिलाई मशीनशेजारी माझं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि दोन स्पीकर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला जुनी गादी लावलीय.

पहिली तीन रिलीज हाउसची होती. ऐकणारे तीनच. मी, ताई आणि टिल्लू. ताई तर आवाज बंद करून लावून ठेवायची, नुसता आकडा वाढावा म्हणून.

टिल्लू लहानपणापासूनचा मित्र. सहा फूट उंच आहे, म्हणून टिल्लू. तो पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर कामाला. हाताने पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पॅडल दाबायचं. वरून चाळीस टनाचा दाब येतो. एका पॅडलला एकच ठोका यायला पाहिजे.

"तुझ्या त्या टुकटुकपेक्षा आमचं मशीन भारी वाजतं," तो एकदा म्हणाला.

मी त्याला माझा छोटा रेकॉर्डर दिला. आत असलं काही न्यायला बंदी आहे. त्याने डब्याच्या पिशवीतून नेला आणि पिशवी मशीनशेजारी अडकवली. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आलं.

ऐकून अंगावर काटा आला. आधी पॅडलचा खट्, मग धडाम्. असला ठोका मला सात जन्मात बनवता आला नसता.

त्यात दोन ठिकाणी एका खट्‌वर दोन धडाम् होते. दुसऱ्या वेळी टिल्लू ओरडलेला ऐकू येतो, "साहेब, परत आलं बघा! पॅडलवर पाय नव्हता माझा!" आणि त्याच्या साहेबांचा आवाज, "आलं तर आलं. हात लवकर काढत जा. माल आज जायचाय."

मी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. आणि गाण्यात घेताना बोलणं कापून टाकलं, कारण मला माणसांचे आवाज नको होते.

दुसरा ठोका मात्र आधी ठेवला होता, मला आवडला होता. पण लेबलवाल्याने लिहिलं, 'तिथे नाचणाऱ्याचा पाय चुकतो. सरळ कर.' लेबल म्हणजे आमचं संगीत बाहेर काढणारी कंपनी. ही कंपनी म्हणजे एक माणूस आणि त्याचा ईमेल. मी सरळ केलं. दोन सेकंदांचं काम.

'चाळीस टन' बाहेर आलं आणि चाललं. अनोळखी लोक ते मोठ्या हॉलमध्ये वाजवायला लागले. लेबलवाल्याने विचारलं, असला आवाज कुठून आणलास? मी फुशारकीत ठोकून दिलं, एकही आवाज बाहेरचा नाही, सगळे मी शून्यातून घडवलेत. आमच्यात त्याला मान असतो. त्याने ते रिलीजच्या पानावर ठळक छापलं.

पाच महिन्यांनी, सकाळी साडेदहाला, मशीन पॅडल न दाबता खाली आलं. टिल्लूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

कारखान्याने लिहून दिलं की त्याने चुकून पॅडल दाबलं, कामगाराचा निष्काळजीपणा, मशीनबद्दल कधीच तक्रार नव्हती. त्याच आठवड्यात मशीन खोलून दुरुस्तही केलं. सोबतचे लोक गप्प. त्यांनाही घरदार आहे. चौकशी येत्या गुरुवारी. तीत चूक टिल्लूची ठरली की नोकरीही गेली.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे हे मला पहिल्याच दिवशी आठवलं. अठरा दिवस मी तोंड उघडलं नाही. पुढची रिलीज ठरली होती, आणि मी खोटारडा आहे हे सगळ्यांना कळलं असतं. एवढंच कारण. दुसरं मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी दुपारी त्याच्याकडे गेलो. तो पलंगावर, हात उशीवर ठेवलेला, एवढं मोठं बँडेज.

"ये कलाकार," तो म्हणाला. "बस. आई मला असं भरवते की आता फक्त ढेकर काढायला खांद्यावर घ्यायची राहिलीय."

"गप रे," आतून काकू म्हणाल्या. "दाढी करताना हलतोस किती ते सांग त्याला."

"तुझं ते चाळीस टन नीट ऐकव," टिल्लू म्हणाला. "मोबाइलवर ऐकलं, त्यात तुझं गाणं कुठलं आणि आमचा पंखा कुठला कळत नाही."

मी माझे हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. डावा हात चादरीवर ताल धरायला लागला. मग थांबला.

"हे आमचं मशीन नाही."

"तुमचंच आहे."

"आमचं असं शहाण्यासारखं चालत नाही. मध्येच उचकी लागते त्याला. ती कुठंय?"

मी फोनवरचा आवाज कमी केला.

"काढलीस?"

"काढली."

"म्हणजे होती." तो उठून बसला. "मी त्या दिवशी साहेबांना ओरडून सांगितलं होतं. पिशवी तिथंच होती. ते आहे?"

"आहे."

"साहेब काय म्हणाले, ते?"

"तेही."

"मला वाटलं तू पुसलं असशील. लॅपटॉपमध्ये जागा नसते म्हणायचास ना. विचारणार होतो, पण म्हटलं उगाच तुला कशाला त्रास." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला कधी आठवलं?"

"पहिल्या दिवशी."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. चहा परत आत गेला.

"नालायका," टिल्लू म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"गुरुवारी मी येतो. लावून दाखवतो."

"आणि ते विचारतील, हा आवाज कशावरून खरा? त्या पानावर तूच लिहिलंयस ना, सगळे आवाज मी घडवले. वाचलंय मी. बोटं गेलीत, डोळे नाही. म्हणतील, हाही घडवलाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अठरा दिवस मला फक्त माझ्या अब्रूचीच पडली होती.

तिथंच बसून लेबलवाल्याला लिहिलं. आवाज माझा नाही, माझ्या मित्राच्या मशीनचा आहे, मी खोटं बोललो, पानावर हेच छापा. दहा मिनिटांत उत्तर आलं. 'छापतो. पुढची रिलीज रद्द.'

टिल्लूला दाखवलं. त्याने वाचून फोन परत दिला.

"इतकं करूनही नाही मानलं तर?" मी विचारलं.

"नाही मानणार कदाचित. पण सगळं लाव. तुला हवं तेवढं कापून आणू नकोस."

"त्यात तू साहेबांना मागून शिव्या दिल्यास."

"असू दे."

"गातोयस पण. भयानक."

"असू दे म्हटलं ना. आणि तू काय ऐकलंस, कधी ऐकलंस, ते तुझ्या तोंडाने सांग. मी सांगणार नाही."

"आधी तेच सांगतो. मग चाळीस मिनिटं लावतो. एक सेकंदही कापणार नाही," मी म्हणालो. "शब्द देतो."